गुरुजींचं शेंडेनक्षत्र

“अवो, ऐकलास काय? न्हाणीतलो नळ परत गळाक लागलो,” सत्यवतीबाईंनी आतून आवाज दिला.

“बघतंय गो. सांच्याक बघतंय,” पडवीत पेपर वाचत बसलेले हरिश्चंद्र गुरुजी म्हणाले.

“बघतलास, बघतलास! शेपटीवालो तारो येतलो तेवा बघतलास.”

हे वाक्य त्या घरात रोजचं होतं. गुरुजींनी जे जे म्हणून पुढे ढकललं, ते ते बाईंच्या हिशेबी शेपटीच्या ताऱ्याबरोबर येणार होतं. कौलं शेकारणं, कपाटाचं दार, माहेरी जायची गोष्ट, सगळं. पण त्या दिवशी गुरुजी टुणकन उठले, पेपर घेऊन थेट चुलीपर्यंत गेले आणि बाईंच्या नाकासमोर तो नाचवत म्हणाले, “इलो! शेपटीवालो तारो इलो!”

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं. गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात हॅलेचा धूमकेतू आला होता. तरुण गुरुजींनी नव्या नवरीला काळोखात उठवलं, “असलो देखावो जन्मात एकदाच” असं सांगून समुद्रावर नेलं, आणि उजाडेपर्यंत वाळूत बसवून ठेवलं. आभाळात नुसता गढूळपणा. तारा दिसला नाही तो नाहीच, वर नवरीचं एक पैंजण वाळूत गेलं. परत येताना ती बिचारी म्हणाली, “जावंदे, आता परत केवा येतलो?” आणि गुरुजी म्हणाले, “शहात्तर वर्सांनी.” इतकं खरं बोलण्याची तेव्हा काय गरज होती, हे गुरुजींना आजतागायत कळलेलं नाही.

तर आता हा दुसराच धूमकेतू. सूर्य बुडाला की पश्चिमेला, ऐन दर्यावर, शुक्राच्या शेजारी दिसणार. जेमतेम आठवडाभर दिसेल, मग कोजागिरीच्या चांदण्यात हरवेल, असं पेपरात छापलं होतं. पश्चिमेला समुद्र आणि समुद्रासमोर घर! मिठबावच्या त्या किनाऱ्याइतकी सोयीची जागा साऱ्या महाराष्ट्रात नसेल.

“सत्यवती, ह्या टायमाक मी तुका दाखवतलंय म्हणजे दाखवतलंय,” गुरुजी छातीवर हात ठेवून म्हणाले. “नाय दाखवलंय, तर परत विज्ञानाचा नाव काढूचंय नाय!”

“बघा हां. मी आयकलंय.”

“आणि मीय आयकलंय!” घरापुढच्या खळ्यातून आवाज आला. शेजारची शेवंती माशांची पाटी घेऊन उभी होती. झालं! त्या सकाळी वाडीत घरोघरी बांगड्यांच्या वाट्यांबरोबर ही बातमीही पोचली.

संध्याकाळी गुरुजी शाळेतून मागून आणलेली जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून किनाऱ्यावर गेले, तर तिथे अर्धी वाडी आधीच हजर. कोणी पोरं कडेवर घेतलेली, कोणी चटई आणलेली. गुरुजींचा ऊर भरून आला. त्यांनी धूमकेतू म्हणजे काय, तो येतो कुठून, जातो कुठे, हे सांगायला सुरुवात केली. तो सूर्यमालेच्या कडेला पोचतो न पोचतो तोच दर्यावरून काळाकुट्ट ढग आला आणि असा काही कोसळला की चटईवाले चटई डोक्यावर घेऊन पळाले. भात कापणीला आलं तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, त्याला धूमकेतूची काय पडलीय?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुण्याहून लेकीने, रूपालीने धूमकेतूचा फोटो पाठवला. तिच्या गच्चीवरून काढलेला, शेपटीसकट.

“पुण्यात दिसता आणि हय नाय?” बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेत विचारलं. “आमच्या आभाळाक काय धाड भरली?”

“ढग आसत गो.”

“ढग तेवाय होते.”

एवढंच म्हणून त्या भाजी चिरायला बसल्या. पण ते ‘तेवाय’ गुरुजींना असं लागलं की दुपारचं जेवण गेलं नाही. ज्या माणसाने जन्मभर पोरांना ढग कसे तयार होतात ते फळ्यावर काढून दाखवलं, तो आता पडवीच्या खांबाला धरून ढगांकडे दात-ओठ खाऊन बघू लागला.

अशात दसरा आला. दसऱ्याला सगळी वाडी रवळनाथाच्या देवळात जमते, सोनं लुटतात आणि मग गावकर भाई देवाला गाऱ्हाणं घालतात. भाईंचं गाऱ्हाणं म्हणजे ऐकायचीच गोष्ट! मुंबईच्या चाकरमान्यांच्या नोकरीपासून कोणाच्या गाभण म्हशीपर्यंत सगळ्यांचं सगळं देवापुढे मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला वाडीने एका आवाजात “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. पोटात असल्यापासून ही सवय. गाऱ्हाण्यात काय चाललंय हे कानांना कळायच्या आत तोंड व्हय म्हणून मोकळं होतं.

गुरुजींच्या मनात आलं, भाईंना सांगावं, देवाला म्हणा जरा ढग बाजूला कर. पण सांगणार कसं? ‘ढग कोणाचं ऐकत नाहीत, मुलांनो’ असं वर्गात ठणकावून सांगितलेले निम्मे विद्यार्थी समोर सोवळं नेसून उभे. शेवटी गुरुजींनी भाईंना खांबाआड घेतलं.

“भाई, ता आभाळात शेंडेनक्षत्र इला आसा मां…”

“व्हय, वाडीभर तीच गजाल आसा.”

“तेचा काय ता जरा… म्हणजे… देवाच्या कानार घाल.”

भाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “गुरुजी, ता तुमी सांगूक होया काय? काय म्हणूचा ता माका बरोबर म्हायत आसा. तुमी काळजी सोडा.”

गुरुजींनी सोडली. भाई देवापुढे उभे राहिले आणि त्यांचा खणखणीत आवाज देवळात घुमला.

“बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वैवाटीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज दसऱ्याच्या सणाक तुझी सगळी लेकरां एका जाग्यार जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या जा काय शेंडेनक्षत्र आभाळात उगावला आसा, ता ह्या वाडीतल्या एकाय लेकराच्या नदरेक पडूक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या आड तुझो पडदो घाल, आणि तेका साता समुद्राच्या पल्याड न्हे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या शेवटच्या दोन्ही ‘व्हय’मध्ये सर्वांत मोठा आवाज हरिश्चंद्र गुरुजींचा होता. तेहतीस मुलांच्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा कमावलेला तो आवाज. ‘म्हाराजा’तला ‘जा’ तोंडातून निघाला आणि मग गुरुजींच्या लक्षात आलं की आपण कशाला व्हय म्हणालो. बायकांच्या घोळक्यातून सत्यवतीबाई मान वळवून त्यांच्याकडेच बघत होत्या.

गाऱ्हाणं संपताच गुरुजींनी भाईंना गाठलं. “भाई, ह्या काय केलंस तू?”

“कित्याक? काय रवला काय?”

“अरे, माका ता बघूचा होता!”

भाईंना हे समजायला वेळ लागला. त्यांच्या, त्यांच्या वडलांच्या आणि आजोबांच्या काळात अपशकुनी शेंडेनक्षत्र बघायचंय असं कोणी देवाला सांगितलेलं नव्हतं.

“गुरुजी,” ते शेवटी म्हणाले, “लोक पायाखाली जनावर येव नको म्हणान गाऱ्हाना घालतत. आणि तुमी म्हणतास जनावर दाखव?”

“मगे आता परत घाल. म्हण, चुकान झाला, पडदो काढ.”

“असा कसा? देव म्हणजे काय तुमचो फळो आसा, लिवला आणि पुसला? आणि तुमी सोता व्हय म्हणालास. सगळ्यात मोठ्यान!”

त्याच रात्री दर्या खवळला आणि पावसाने वाडीला धुवून काढलं. पहिल्या दिवशी भाईंची छाती फुगली. बघा, शेंडेनक्षत्र एकाच्याही नजरेस पडलं नाही! पण देवाने घातलेला पडदा गळका होता. दुसऱ्या दिवशी गणपतचं कापलेलं भात मळ्यात तरंगू लागलं, आणि मग वाडीच्या डोक्यात उजेड पडला. भिजलेल्या गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन गणपत गुरुजींच्या खळ्यात उभा राहिला.

“गुरुजी, तुमच्या ताऱ्यापायी माझा भात कुजाक लागला.”

“अरे गणपत, असा नाय. अरबी समुद्रात कमी दाबाचो पट्टो तयार झालो आसा…”

“तो पट्टो बोलवल्यान कोणी?”

गणपतपाठोपाठ आणखी चौघे आले, मग भाई आले. घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर देवाचा कौल घ्यायला हवा, आणि ज्याच्या सांगण्यावरून गाऱ्हाणं घातलं त्याने कौलाला समोर बसायला हवं, असं सर्वानुमते ठरलं.

“मी बसूचंय नाय!” गुरुजी उसळले. “माझी काय तत्त्वां आसत!”

“व्हय म्हाराजा म्हणताना ती खंय गेल्ली?” बाईंनी आतून विचारलं.

गुरुजींनी निमूटपणे सदरा चढवला.

कौल लावायला संध्याकाळच मिळाली. देवळातला गुरवही शेतकरीच, त्याचा दिवस भिजलेलं भात उचलण्यात गेला. त्याने आंघोळ करून देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. देव बोलेपर्यंत कोणी उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. भाईंनी देवाला सगळी हकिकत सांगितली आणि गुरव, भाई, गुरुजी तिघेही पाकळ्यांकडे टक लावून बसले. पाकळ्या जागच्या हलेनात. डावी हलेना, उजवी हलेना. गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर डास बसला, तरी त्यांनी हात उचलला नाही. तत्त्वांचं काही का असेना, बायकोचा प्रश्न होता.

आणि नेमका तेव्हाच बाहेर पाऊस थांबला.

सत्यवतीबाई शेवंतीला घेऊन खळ्यातल्या भातावरची ताडपत्री उचलत होत्या. ताडपत्रीचं पाणी झटकताना त्यांची मान वर गेली आणि तशीच राहिली. दोन माडांच्या मधोमध आभाळ धुतल्यासारखं निवळलं होतं. खाली शुक्र झळकत होता. आणि त्याच्या वरच्या अंगाला, उजवीकडे, चुन्यात बुडवलेलं बोट भिंतीवरून वर ओढावं तसं काहीतरी उभं होतं. न हलता, न बोलता.

“वयनी, ह्या…” शेवंतीने तोंडावर हात ठेवला.

“ह्याच ता,” सत्यवतीबाई म्हणाल्या. कोणी सांगायची गरजच नव्हती. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना गुरुजी आठवले. “अगो बाय माझे! ह्यांका नाय दिसणा!”

ताडपत्री टाकून त्या धावत सुटल्या. पायात चप्पल नाही, पदराचं भान नाही. देवळाच्या दारात जाऊन त्यांनी हाक मारली, “अवो!”

गुरुजींनी मागे न बघता हात वर केला. गप.

“अवो, भायर येवा! बेगीन येवा!”

आता गुरुजींनी मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले की ज्या डोळ्यांना पोरांच्या दोन पिढ्या चळचळा कापल्या. भाईंनीही हात जोडून विनवलं, बाय, देव बोलाच्या बेतात आसा, मोडता घालू नकोस. बाई क्षणभर उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. वर बघितलं, आत बघितलं. मग कपाळाला हात लावून त्या मागे फिरल्या आणि देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी एकटीने तो तारा डोळे भरून पाहिला. वाडीने आपापल्या खळ्यातून पाहिला. होड्या ओढून घेणाऱ्यांनी किनाऱ्यावरून पाहिला. मग दर्यावरून एक ढग संथपणे आला आणि सगळं झाकून गेला.

आत उजवी पाकळी पडली.

“दिलो! देवान कौल दिलो!” भाई ओरडले. गुरुजी मुंग्या आलेल्या पायांनी लंगडत बाहेर आले. वर काळोख, नाकावर पावसाचा थेंब. पण त्यांचा चेहरा काय फुलला होता!

“सत्यवती, देवान होकार दिल्यान गो! आता दिसतलो! उद्या तुका दाखवतंय बघ!” मग त्यांना आठवलं. “तू मघाशी कित्याक इल्लंस?”

बाईंनी त्या चेहऱ्याकडे बघितलं. जे सांगायचं होतं ते जिभेवरून परत फिरलं.

“ताडपत्री धरूक माणूस होया होता,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीबाई घरोघरी फिरल्या. “काल काय दिसला ता कोणी बघूक नाय, समाजलास? ह्यांच्या कानार गेला तर माझ्याशी गाठ आसा.” ज्या वाडीत एका घरातल्या फोडणीचा वास लागायच्या आत तिची चर्चा दुसऱ्या घरात सुरू होते, त्या वाडीने तोंडाला कुलूप लावलं. सर्वांत हाल शेवंतीचे झाले.

“वयनी, मी नाय सांगणा,” ती कळवळून म्हणाली, “पण माझ्या पोटात दुखतला.”

संध्याकाळी ढग फाटके झाले होते. दुसऱ्या दिवशी कोजागिरी, म्हणजे ही शेवटची संधी. गुरुजी बायकोला घेऊन किनाऱ्यावर आले तर सगळी वाडी रांगेत उभी. सगळ्यांचे चेहरे इतके भोळे की कोणालाही संशय यावा. गुरुजींना मात्र आला नाही, ते आभाळात होते.

“गुरुजी, खंय बघूचा?” गणपतने विचारलं. “आमी तर बाबा कदीच बघूक नाय हां! कालय बघूक नाय.”

शेवंतीने त्याच्या पायावर पाय दिला.

सूर्य बुडाला. ढगांच्या फटीतून शुक्र दिसला आणि गुरुजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. शुक्राच्या वर ढग. उजवीकडे ढग. जिथे तारा असायला हवा तिथे ढगाचा ढिगारा, आणि मागून चंद्र वर येत होता. गुरुजींनी दुर्बीण खाली घेतली, काच पुसली, पुन्हा लावली. एकदा, दोनदा, चारदा. मग त्यांचे खांदे खाली पडले. सत्यवतीबाईंना ते बघवेना. त्यांनी इकडे-तिकडे नजर टाकली आणि दुसऱ्या एका फटीकडे बोट दाखवून ओरडल्या, “अवो, तो काय! तो काय शेपटीवालो! दिसलो! माका दिसलो!”

खरंच तिथे एक पांढरी, झळझळीत, आखूड रेघ होती. गुरुजींनी घाईने दुर्बीण तिकडे वळवली. दुर्बिणीत त्यांना दोन पंख दिसले, मध्ये चंदेरी पोट दिसलं आणि त्याच्या मागे धुराचा पट्टा दिसला. मावळतीचं ऊन लागलेलं विमान कुठेतरी आखाताकडे चाललं होतं.

गुरुजींनी दुर्बीण काढून बायकोकडे पाहिलं. ती नव्या नवरीसारखी टाळ्या वाजवत होती. जन्मभर पोरांना सांगितलं होतं, जे दिसतं तेच लिहा, पुस्तकात काय आहे ते बघून लिहू नका.

“व्हय,” ते म्हणाले. “तोच तो.”

आणि एकदा खोटं बोलायचं ठरल्यावर कंजुषी कशाला? गुरुजींनी त्या विमानाच्या शेपटीत बर्फ किती, धूळ किती, सूर्याच्या उष्णतेने ती कशी तयार होते, हे सगळं समजावून सांगितलं. वाडीने माना डोलावल्या. पण भाईंनी आदल्या दिवशीचा तारा पाहिलेला नव्हता, ते देवळात होते. आणि देवळातल्या माणसाला कोणी काही सांगितलं नव्हतं. भाईंना हे सगळं खरंच वाटलं. त्यांनी वाळूत गुडघे टेकून हात जोडले. ते बघून बाकीच्यांनाही जोडावे लागले.

“गुरुजी, जरा दुर्बीण देवा बघूया,” भाई म्हणाले.

“नको! नुसत्या डोळ्यांनीच बघूचो असता!” गुरुजी खेकसले आणि त्यांनी दुर्बीण सदऱ्यात घातली.

“पण हो बेगीन चलता हो, गुरुजी,” गणपत हळूच म्हणाला.

“तेका लांब जावचा आसा,” गुरुजी म्हणाले.

जेवणं झाल्यावर रूपालीचा फोन आला. बाईंनी तो मोठ्या आवाजावर लावला आणि शेंगा सोलता सोलता बोलू लागल्या. गुरुजी बाजूला पान जुळवत होते.

“आई, मग? बाबांनी दाखवला का?”

“दाखवल्यानी गो! सगळ्या वाडीसमोर!”

“कसा होता? सांग ना.”

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “काय सांगू तुका! शुक्राच्या वरच्या अंगाक, जरा उजवीकडे. खाली टपोरो ठिपको. आणि शेपटी सरळ वर उभी, वर जायत जायत फिकट झालेली, खंय संपली ता कळाचाच नाय. आणि हलाक नाय गो जरासुदा. मी येवढा धावलंय, तरी तो आपलो थंयच. माका वाटला, माझ्यासाठीच थांबलोसा.”

गुरुजींचा पानाला चुना लावणारा हात थांबला. किनाऱ्यावरून दिसलेली रेघ शुक्राच्या डावीकडे होती, आडवी होती आणि बेगीन चालत होती. आणि कोण धावलं? कुठे धावलं? मग त्यांना देवळाच्या दारातली अनवाणी बायको आठवली, ‘भायर येवा, बेगीन येवा’ आठवलं, आणि आपलं ओठांवरचं बोटही आठवलं. किनाऱ्यावरचे भोळे चेहरे, गणपतच्या पायावरचा पाय, सगळं रांगेने येऊन समोर उभं राहिलं. गुरुजींना आधी सणसणीत राग आला. मग स्वतःची लाज वाटली. फोन बंद झाला तसे ते बायकोकडे वळले.

“सत्यवती,” ते म्हणाले, “ताडपत्री धरूक माणूस होया होता काय गो?”

बाई खाली बघून शेंगा सोलत राहिल्या. “मी दोनदा हाक मारलंय.”

“व्हय. आणि मी गप म्हटलंय.”

“वायट वाटला तुमका?”

“वाटला. खूप वाटला.” गुरुजींनी पान तबकात ठेवून दिलं. “मगे आज त्या विमानाक बघून टाळये कित्याक वाजवलंस?”

“विमान होता ता तुमका म्हायत होता?” बाईंचे डोळे मोठे झाले. “मगे तुमी व्हय कित्याक म्हणालास? बर्फ काय, धूळ काय!”

“तू येवढी खूश झालंस! म्हटला, झाला एकदाचा दाखवून.”

“मी खूश झालंय ती तुमका बरा वाटाचा म्हणान!”

बाहेर आभाळ आता इतकं मोकळं झालं होतं की चांदण्यात माडाची झावळीन् झावळी मोजता आली असती, पण उठून बघायला कोणी गेलं नाही. गुरुजींनी पाट ओढला आणि तो बायकोच्या समोर मांडून त्यावर मांडी घालून बसले.

“परत एकदा सांग बघूया,” ते म्हणाले. “अगदी पयल्यापासून. शेपटी केवढी होती?”

बाईंनी हात लांब करून, बोटांची वीत धरून दाखवली. गुरुजींनी विचारलं, ठिपक्याचा रंग कसा? मागचे तारे शेपटीतून दिसत होते का? बाईंनी सगळं सांगितलं, आणि आठवलं नाही तिथे आठवत नाही म्हणाल्या. गुरुजी मध्ये मध्ये डोळे मिटून घेत होते.

“आणि तुमका?” सगळं सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं. “त्या दुर्बिणीत तुमका काय दिसला?”

“माका?” गुरुजींनी सोललेले दोन दाणे तोंडात टाकले. “खिडक्यो दिसल्यो. एका खिडकीत एक बायमाणूस बसलेला. ती घोवाक उठवून सांगत होती, ‘अवो, खाली बघा, सगळी वाडी आमका हात जोडता!’”

बाई अशा हसल्या की मांडीवरच्या शेंगा सगळ्या घरभर झाल्या. पलीकडच्या घरातून शेवंतीने हाक मारून विचारलं, “वयनी, कळला काय तेंका? आता माका बोलाक हरकत नाय मां?”